पेटलेला हात आणि त्यात लेझरचा वाटा

मार्च 2023 च्या मध्यावर, एका शुक्रवारी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा डाव्या हाताला पंचाचं ओलं फडकं गुंडाळलेलं होतं. सोबत सून, आणि सुनेच्या हातात पाण्याची बाटली. तासगाव पट्ट्यातल्या गावातून सांगलीला एसटीनं येताना दर दहा मिनिटांनी ती सासूच्या हातावर पाणी शिंपडत आली होती. एवढ्या उकाड्यातही त्या खिडकीशी बसल्या नव्हत्या, कारण वारं लागलं की हात पेटतो. दवाखान्यात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, आधी तेवढा फॅन बंद करा."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सीआरपीएस नावाच्या वेदनेच्या आजाराचं हे प्रकरण लिहायला मी मावशींची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. आकडे मात्र माझ्या फाईलमधले जसेच्या तसे आहेत.

मावशींचं वय 47. घरची थोडी बाग, बाकीचे दिवस दुसऱ्याच्या द्राक्षबागेत मजुरी. डिसेंबर 2022 च्या शेवटच्या आठवड्याआधी घडांची विरळणी चालू असताना ओल्या बोदावरून, म्हणजे वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या वरंब्यावरून, पाय घसरला आणि डावा तळहात टेकून त्या पडल्या. मनगटाजवळ रेडियसचं हाड मोडलं. डब्लिनच्या अब्राहम कॉलेस यांनी 1814 साली, एक्स-रे यायच्या ऐंशी वर्षं आधी, नुसत्या हाताच्या आकारावरून वर्णन केलेलं हे फ्रॅक्चर. पन्नाशीच्या आसपासच्या बायकांमध्ये इतकं नेहमीचं की कुणी फार मनावर घेत नाही. हाड बसवलं, सहा आठवड्यांचं प्लॅस्टर घातलं, गोळ्या दिल्या, घरी पाठवलं.

दुसऱ्याच रात्री प्लॅस्टर आवळायला लागलं. बोटं सुजली, हातात ठणका. ज्या दवाखान्यात प्लॅस्टर घातलं होतं तिथं परत गेल्या तर "प्लॅस्टर म्हटल्यावर आवळणारच" एवढंच ऐकायला मिळालं. आठवड्यानं पुन्हा गेल्या तेव्हा कडेनं थोडं कापून सैल केलं. इथं मला थांबावंसं वाटतं, कारण या प्रकरणात टाळता येण्यासारखी जागा कुठली असेल तर ती ही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मनगट मोडलेल्या दीड हजारांहून जास्त लोकांचा पाठपुरावा करून 2014 साली दाखवून दिलं, की पहिल्या आठवड्यात दहापैकी पाच किंवा त्याहून जास्त वेदना सांगणाऱ्यांना पुढं या आजाराचा धोका ठळकपणे वाढलेला असतो. म्हणजे पहिल्या आठवड्यात "किती दुखतंय, दहापैकी सांगा" एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. फुकटची तपासणी आहे ती. मावशी त्या आठवड्यात झोपल्याच नव्हत्या.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला प्लॅस्टर निघालं आणि आतून निघालेला हात घरच्यांना ओळखू येईना. लालसर-जांभळा, गरम, चकचकीत, तळव्याला सतत घाम. हाड जुळलेलं, एक्स-रे "ओके". मग जे होतं ते झालं. आपला जिल्हा हळदीचा, तेव्हा आधी आंबेहळदीचा गरम लेप. मग मिठाच्या पाण्याचा शेक. मग कुणीतरी सांगितलेला हाडवैद्य. त्यानं तेल लावून बोटं एकेक करून ओढली आणि त्या रात्रीपासून हाताला पदरसुद्धा लागू देता येईना. शेजारच्या बायकांनी दोन मतं मांडली. एका गटाचं म्हणणं हातावरून वारं गेलंय. दुसऱ्या गटाचं म्हणणं, हाड जुळलंय तर आता कामाचा कंटाळा. दुसरं मत घरातही पोचलं होतं. "आमचं मालक काय बोलत न्हाईत, पण बघत्यात तसं," असं मावशींनी मला सांगितलं तेव्हा सून खाली मान घालून बसली होती.

आणखी एक गोष्ट पहिल्या दिवशी त्यांनी सांगितली नाही, मला दिसली. उजव्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, डावा हात मोकळा. पतीची सावली असलेल्या बाईनं मोकळ्या मनगटानं हळदीकुंकवाला कसं जायचं? म्हणून त्या तीन महिने कुठंच गेल्या नव्हत्या.

आजाराचं नाव सांगितलं ते मिरजेच्या एका हाडांच्या डॉक्टरांनी. त्यांनी हात लांबूनच पाहिला, हे मावशींना फार आवडलं होतं. रक्ताच्या तपासण्या करून जंतुसंसर्ग नाही हे पाहिलं, रक्ताची गुठळी नाही याची खात्री केली, मनगटातली मीडियन नस दबलेली नाही ना म्हणून नसांची तपासणी करून घेतली. नव्या एक्स-रेत हाड जुळलेलं होतं पण मनगटाची आणि बोटांची हाडं ठिपक्याठिपक्यांनी विरळ झालेली. 10 मार्चला त्यांनी प्रेडनिसोलोन या स्टेरॉईडचा कमी करत न्यायचा छोटा कोर्स आणि रात्रीसाठी नसांच्या वेदनेवरचं प्रीगॅबॅलिन सुरू केलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, "सीआरपीएस टाईप 1, फिजिओ." ही 10 मार्च तारीख लक्षात असू द्या. पुढं श्रेय वाटताना ती लागणार आहे.

सीआरपीएस म्हणजे कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम. इजा बरी होते, वेदना मात्र राहते, वाढते, आणि इजेच्या मानानं भलतीच मोठी असते. जोडीला हाताचं तापमान, रंग, घाम, सूज, नखं-केस, हालचाल असं सगळंच बिघडतं. नसेला धक्का नसेल तर टाईप 1, असेल तर टाईप 2. रक्ताची एक चाचणी करून कळेल असं काही नाही, लक्षणं जुळवून निदान करावं लागतं. त्यासाठी 2003 साली बुडापेस्टला भरलेल्या बैठकीतले निकष वापरतात. वेदना, रंग-तापमान, घाम-सूज आणि हालचाल-त्वचा-नखं या चारपैकी किमान तीन गटांतल्या तक्रारी रुग्णानं सांगाव्या लागतात, किमान दोन गटांतल्या खुणा तपासणाऱ्याला दिसाव्या लागतात, आणि दुसरा कुठला आजार हे सगळं नीट समजावून देत नसावा. मावशींच्या बाबतीत चारही गट भरले.

ओल्या फडक्याबद्दलही सांगायला हवं, कारण सुनेला ते सासूचं खूळ वाटत होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात गोळी लागून नसा दुखावलेल्या सैनिकांची अशीच जळजळ सायलास वेअर मिचेल या डॉक्टरांनी 1864 साली नोंदवली. ते सैनिक हात ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत, काही जण तर बुटात पाणी ओतून घेत. मी हे सांगितल्यावर मावशी सुनेकडं वळून म्हणाल्या, "बघ. शिपाई गडी बी तसंच करत्यात." त्या एका वाक्यानं घरातली हवा जितकी बदलली तितकी माझ्या कुठल्याच मशीननं बदलली नसती.

पहिल्या दिवशीच्या नोंदी अशा: स्वस्थ बसलेलं असताना वेदना दहापैकी 7, कापसाच्या स्पर्शानं 9 ते 10. तापमानासाठी मी करोनातली बंदूक वापरते, पण तिचा कपाळाचा मोड नाही, वस्तूचा मोड. डावा हात उजव्यापेक्षा 2.1 अंश सेल्सियस गरम. सूज मोजायला टेप आठच्या आकड्यात मनगट आणि तळव्याभोवती फिरवतात. उजवीकडं 38.4 सेंमी, डावीकडं 40.7. हे माप घ्यायला पंधरा मिनिटं लागली आणि शेवटी टेप त्यांनी स्वतःच धरली. मनगट मागं जेमतेम 10 अंश जात होतं. मूठ वळवताना बोटांची टोकं तळव्यापासून 5 सेंमीवर थांबत. पकडीसाठी बीपीचा पट्टा गुंडाळून पारा 20 वर ठेवला आणि दाबायला सांगितलं. उजव्या हातानं 150, डाव्यानं 24.

आता लेझर.

लेझर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं कापणारा किरण येतो. हा तो नव्हे. याची शक्ती इतकी कमी असते की त्वचा तापतही नाही. याची गोष्टही बुडापेस्टचीच निघाली, हा निव्वळ योगायोग. तिथल्या एंड्रे मेस्टर यांनी 1967 साली केस काढलेल्या उंदरांवर लेझर सोडला. त्यानं कॅन्सर होतो का हे त्यांना पाहायचं होतं. कॅन्सर झाला नाही, पण लेझर दिलेल्या उंदरांचे केस दुसऱ्यांपेक्षा लवकर उगवले. तिथून हे शास्त्र सुरू झालं. आजची समजूत अशी आहे की लाल आणि त्यापलीकडचा न दिसणारा अवरक्त प्रकाश पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाच्या एन्झाईमकडून शोषला जातो, पेशीचं ऊर्जेचं काम सुधारतं आणि दाह कमी व्हायला मदत होते. मानदुखीसारख्या काही दुखण्यांत याला बरा पुरावा आहे. सीआरपीएसमध्ये पुरावा तोकडा आहे. सर्बियातल्या डॉक्टरांनी 2010 साली 45 रुग्णांवरचा अभ्यास छापला. काहींना व्यायामाबरोबर लेझर, बाकीच्यांना व्यायामाबरोबर इंटरफेरेन्शियल करंट, म्हणजे वेदनेवर द्यायचा एक प्रकारचा विजेचा करंट, प्रत्येकी 20 सिटिंग. लेझरवाल्यांच्या दुखऱ्या भागाची उष्णता जास्त उतरली. पण अशा लहान अभ्यासांवर मोठी इमारत उभी करता येत नाही, आणि या आजारातल्या एकूणच फिजिओच्या उपायांबद्दल अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यांचा सूर "खात्री फार कमी" असाच आहे.

मग मी लेझर का घेतला? सरळ उत्तर असं की मला दुसरं काहीच लावता येत नव्हतं. टेन्सचे, म्हणजे त्वचेवरून सौम्य करंट देणाऱ्या मशीनचे, पॅड चिकटवता येईनात, शेक नको, गरम मेणाचा तर प्रश्नच नाही, हातानं हालचाल द्यावी तर बोट लागू देत नाहीत. लेझर एकच मशीन असं की जे न टेकवता वापरता येतं. शास्त्रातून निघालेलं कारण नव्हतं ते, अडचणीतून निघालेलं होतं.

माझं मशीन 808 नॅनोमीटरचं, 200 मिलिवॉटचं. डोसाचा हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. वॉट गुणिले सेकंद म्हणजे ज्यूल. 0.2 वॉट 20 सेकंद दिले की 4 ज्यूल. सोमवारी, 20 मार्चला, मी मनगटाच्या पाठीवर आणि बोटांच्या मुळांशी नऊ बिंदू घेतले आणि प्रत्येकी 4 ज्यूल दिले, एकूण 36. प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, हलकेच टेकवला. मावशींनी दात आवळून सोसलं, कारण "चांगलं व्हायचं तर सोसाया लागतंय." मी ते सोसणं सहकार्य समजले. चूक माझी होती.

बुधवारी गुढीपाडवा, दवाखाना बंद. सकाळी सुनेचा फोन आला. सोमवार रात्रीपासून हात दुप्पट सुजलाय, आत्याबाई रडतायत, पोळ्या राहू देत, गुढी तरी उभारायची का नाही कळेना. या उपचारात डोस वाढवत गेलं की फायदा वाढतच जातो असं नाही. एका मर्यादेपुढं तो कमी होतो, कधी उलटतो. हे मला माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण लिहिलं होतं ते प्रकाशाबद्दल. मावशींच्या हाताला प्रकाश जास्त झाला की प्रोबचा स्पर्श, हे मला आजही सांगता येणार नाही. माझा संशय स्पर्शावर आहे.

शुक्रवारपासून सगळं मागं घेतलं. हात सोडून मानेपासून सुरुवात. मानेच्या खालच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंना, जिथून हाताच्या नसा निघतात तिथं, सहा बिंदू, प्रत्येकी 4 ज्यूल. गळ्याच्या पुढच्या बाजूला नाही, थायरॉईडवर लेझर द्यायचा नसतो. मग दंड, कोपर, अर्धा हात, असं खाली येताना 2 ज्यूल. आणि दुखऱ्या हातावर सेंटीमीटरभर अंतरावरून फक्त 5 सेकंद, म्हणजे कागदावर 1 ज्यूल. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण प्रोब टेकवला नाही की बराच प्रकाश त्वचेवरून परततो. उन्हात राबून काळवंडलेल्या हाताच्या त्वचेतलं मेलॅनिनही थोडा प्रकाश वरच्या वर गिळतं. चौथ्या सिटिंगला त्यांनी स्वतःहून सांगितलं, "टेकवा आता." पुढं आठवड्यागणिक 2, मग 3 ज्यूल. आठवड्यातून तीन दिवस.

दोघींच्या डोळ्यांना गॉगल. हा प्रकाश दिसत नाही, म्हणून पापणीही आपोआप मिटत नाही आणि डोळ्याचा पडदा जळू शकतो. या मशीनचा वर्ग 3 बी आहे तो त्यासाठीच. प्रोबच्या टोकाला दिसणारा लाल ठिपका फक्त वाट दाखवायला असतो, उपचाराचा प्रकाश वेगळा. मावशींना त्या ठिपक्यावर मुळीच विश्वास नव्हता. करंटला निदान मुंग्या तरी येतात. दर सिटिंगला त्या विचारत, "काय लागतच न्हाई की ओ. मशीन चालू हाय न्हवं?" आणि दर सिटिंगला मी म्हणे, "चालू आहे मावशी."

लेझर वीस मिनिटांत उरकायचा. त्यानंतरची चाळीस मिनिटं हे खरं काम होतं आणि त्यासाठी दिवसातून चार-पाच वेळा घरीही बसावं लागायचं.

आधी आजार समजावून सांगणं. मेंदू, पाठीचा कणा, नसांची अतिसंवेदनशीलता हे सगळं बोलून पाहिलं, काही पोचेना. मग म्हटलं, मावशी, मळ्यावर एकदा चोरी झाली की राखणीचं कुत्रं नंतर घरच्यांवरही भुंकतं. चोर केव्हाच गेलाय, कुत्रं थांबत नाही. तुमचं हाड चांगलं झालंय, भुंकणं राहिलंय. त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हंजी कुत्र्याला मारायचं न्हाई. वळखीचं करायचं." डिसेन्सिटायझेशनचं, म्हणजे हाताला हळूहळू स्पर्शाची सवय लावण्याचं, यापेक्षा नेमकं वर्णन मी कुठं वाचलेलं नाही.

मग ओळख करून देणं सुरू झालं. कापूस, जुनं मलमल, धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं, मग खडबडीत टॉवेल. पंधरा दिवसांनी परातीत शाळू घेऊन त्यात हात बुडवून ठेवायचा. आधी दोन मिनिटं, मग पाच. त्यानंतर ताटात बेदाणे ओतून एकेक उचलायचा. हे त्यांनी आयुष्यभर केलेलं काम, फरक इतकाच की पूर्वी दिवसाला पोत्यानं निवडायच्या आणि आता वीस बेदाण्यांनी दम लागायचा.

डावं-उजवं ओळखण्याचा व्यायाम सुनेनं बसवला. या आजारात दुखरा हात मेंदूच्या नकाशात धूसर होतो. हाताचं चित्र पाहून तो डावा की उजवा हे सांगायला वेळ लागतो, चुका होतात. यासाठी फोनवर ॲप मिळतात, पण सुनेनं गल्लीतल्या पोरांच्या, बायकांच्या हातांचे वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढले आणि रात्री जेवणानंतर व्हॉट्सॲपवर सासूला दाखवायची. पहिल्या दिवशी वीसपैकी अकरा बरोबर. हा खेळ सुरू झाल्यावर नातूही जवळ बसायला लागला. तोवर त्याला आजीच्या हाताजवळ फिरकू देत नव्हते.

आरशाचं खोकं आम्ही बेदाण्याच्या पुठ्ठ्याच्या बॉक्सचं केलं, बाहेरून साठ रुपयांचा आरसा चिकटवून. डावा हात खोक्यात लपवायचा, आरशात उजव्याचं प्रतिबिंब पाहत दोन्ही हात सावकाश हलवायचे. मेंदूला दिसतं की डावा हात न दुखता हलतोय. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी कापलेल्या हाताच्या भासमान वेदनेसाठी हा आरसा आणला. पुढं सीआरपीएसमध्येही तो वापरात आला, विशेषतः आजार जुना व्हायच्या आत. पहिल्याच दिवशी मावशींनी आरशातल्या हाताकडं बघून विचारलं, "ह्याच्यात बांगड्या हायत, त्यो माझा कसा?" मग आम्ही उजव्या हातातल्याही काढल्या. नाखुशीनं, आणि पाच मिनिटांपुरत्याच.

आता ती गोष्ट सांगते जिच्यासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, सातव्या सिटिंगनंतर, दुसऱ्या एका रुग्णाच्या कॉलेजातल्या मुलानं गंमत म्हणून प्रोबवर फोनचा कॅमेरा धरला. आपल्या डोळ्याला न दिसणारा हा प्रकाश फोनच्या कॅमेऱ्यात जांभळट-पांढरा दिसतो. मी स्वतः दर सोमवारी असं तपासायचे, त्या आठवड्यात विसरले होते. कॅमेऱ्यात काहीच दिसेना. लाल ठिपका झकास पेटलेला, बीप व्यवस्थित वाजतोय, सेकंद मोजले जातायत, आणि उपचाराचा प्रकाश शून्य. केबल आतून तुटलेली होती. मागचे रुग्ण, मागचे दिवस जुळवून पाहिलं तर मावशींची सहावी आणि सातवी, किमान दोन सिटिंग कोरडी गेली होती.

मी फाईल उघडली. सहाव्या सिटिंगनंतरची नोंद: स्पर्शाची वेदना 6 वरून 5. सातव्या सिटिंगनंतर: "आज फार हलकं वाटतंय," शाळूत हात सहा मिनिटं. सूज मात्र त्या दोन दिवसांत होती तिथंच, 39.9. त्याआधीच्या तीन सिटिंगमध्ये ती दर वेळी दोन-तीन मिलीमीटरनं उतरत आली होती.

दोन सिटिंगवरून काही ठरत नाही हे मला कळतं. तरी ती नोंद बघून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. वेदना हलकी होणं प्रकाशामुळं होतं असं मी धरून चालले होते. त्या दोन दिवसांत प्रकाश नव्हता. होतं काय? बंद फॅन, वीस मिनिटं हाताला हात न लावता शेजारी बसलेली मी, दुखेल की काय या धास्तीशिवाय टेबलावर ठेवलेला हात, आणि "चालू आहे मावशी." सुजेबद्दल मात्र मनात प्रश्न राहिला आहे. उतरायची थांबली ती प्रकाश नसल्यामुळं, की त्याच आठवड्यात प्रेडनिसोलोन संपलं म्हणून?

मावशींना सांगायचं की नाही हा प्रश्न मला पडायला नको होता, पण पडला. विश्वासावर चाललेलं काम बिघडेल असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी मी इचारत हुते ते खरं हुतं. आन् पैसं घेतलं की तुमी त्या दोन दिसांचं." मी दोन सिटिंगचे पाचशे रुपये परत दिले. त्यांनी ते पदराच्या गाठीत बांधले, डाव्या हातानं गाठ मारायचा प्रयत्न करत. तो हात त्यांनी आपणहून कामाला लावलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

प्रोब पुण्याला दुरुस्तीला गेला, नऊ दिवसांनी आला. त्या नऊ दिवसांत नुसता आरसा, शाळू आणि फोटो. हात मागं गेला नाही. सुधारणेचा वेग थोडा मंदावला असं फाईल म्हणते, पण त्याच दिवसांत कडक ऊन पडलं होतं आणि एसटीतल्या गर्दीनं त्यांची एक खेप हुकली होती, तेव्हा तो मंदावाही लेझरच्या नावावर टाकायला मी तयार नाही.

ठरलेली बारा सिटिंग संपली तेव्हाचे आकडे: बसल्याजागी वेदना 3, स्पर्शाची 4, तापमानातला फरक 0.6 अंश, आठच्या आकड्यातलं माप 39.3, बोटं तळव्यापासून अडीच सेंमी, मनगट मागं 30 अंश, पकड 60. भाकरी थापायला सुरुवात झाली होती, अर्धी भाकरी डाव्यानं नुसता आधार देऊन. सांध्यावर भार टाकण्याचा व्यायाम पुस्तकात फरशी घासायच्या ब्रशनं सांगितलेला असतो. आमच्याकडं त्याची जागा काठवट घेते.

मे महिन्यात पुतणीचं लग्न निघालं. मोकळ्या मनगटाचा प्रश्न तीन महिने टाळला होता, तो आता दारात येऊन बसला. चुड्याच्या दिवशी कासार आला आणि नातेवाईक बायकांनी आग्रह केला. कासाराची बांगडी भरायची रीत म्हणजे हात चेपून, अंगठ्याचं हाड आत दाबून, बोटं जुळवून सरकवणं. चांगल्या हातालाही दोन क्षण डोळ्यांत पाणी आणणारी. तीन बांगड्या गेल्या, चौथीला मावशी किंचाळल्या. रात्री बांगड्या फोडाव्या लागल्या, आणि लग्नघरात बांगड्या फुटल्या म्हणून जे बोलणं झालं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी वेदना 7, हात पुन्हा लाल.

यावेळी घाबरले नाही, त्याही नाहीत. चार सिटिंग लेझर, मागच्यासारखाच मानेपासून खाली, कमी डोसावर. व्यायाम दोन दिवस निम्म्यावर आणून परत चढवले. दहा दिवसांत हात एप्रिलअखेरच्या जागी आला. प्रोब दर वेळी सुरू करायच्या आधी मी कॅमेऱ्यापुढं धरायचे आणि त्यांना दाखवायचे. त्या स्वतः फोनात डोकावून "हं, पेटलाय" म्हणायच्या आणि मग हात पुढं करायच्या.

एकूण सोळा सिटिंग, त्यातली दोन कोरडी. कुणी विचारलं की लेझरनं सीआरपीएस बरा होतो का, तर या प्रकरणातून मी "हो" म्हणणार नाही. 10 मार्चला सुरू झालेल्या प्रेडनिसोलोनचा वाटा मोठा असणार. आजार ताजा आणि हात गरम असताना ते उपयोगी पडतं असं दिसलं आहे. लखनौच्या डॉक्टरांनी लकव्यानंतरच्या सीआरपीएसमध्ये ते पिरॉक्सिकॅम या वेदनाशामकाशी ताडून पाहिलं होतं आणि फरक ठळक होता. आजार वेळेत ओळखला गेला याचा वाटा आहे. काहींचा हात पहिल्या वर्षात आपसूकही सुधारतो, तोही हिशोबात धरायला हवा. लेझरकडं माझ्या मते उरतं ते इतकं: न शिवता सुरुवात करता आली, आणि सुजेत कदाचित थोडी मदत झाली. तरीही असा हात पुन्हा आला तर मी लेझर काढीन. फक्त "वीस सिटिंगचं पॅकेज घ्या, बरं होईल" असं सांगणार नाही. आजकाल तसं सांगणारे बरेच आहेत, आणि मजुरीवर जगणाऱ्या घरातले पाच हजार रुपये त्यात जातात. तेच पैसे एसटीच्या तिकिटाला ठेवले तर रुग्ण व्यायामाला तरी नियमित येतो.

ऑक्टोबरात छाटणीच्या गडबडीत मावशी शेवटच्या तपासणीला आल्या, एकट्या, खिडकीच्या सीटवर बसून. बसल्याजागी वेदना नाही, पहाटेच्या गारव्यात 3. बोटं तळव्याला टेकत होती. मनगट मागं 50 अंश, उजवं 70 जातं. पकड 104. माप 38.7. छाटणीची कात्री उजव्या हातात असते, पण काडी धरायला डावा लागतो आणि दुपारनंतर तो भरून येतो, म्हणून मुकादमाशी बोलून त्यांनी अर्ध्या दिवसाची मजुरी ठरवून घेतली होती.

डाव्या हातात चार बांगड्या होत्या. मी बघतेय हे पाहून त्यांनी हात पुढं केला. उजव्यात दोन-सहाच्या मापाच्या, डाव्यात दोन-आठच्या. त्याच कासाराकडून घेतलेल्या, पण यावेळी त्याला हात लावू दिला नव्हता. साबण लावून स्वतःच चढवल्या होत्या, दोन दिवसांत, रोज दोन. मी फाईलमध्ये आठच्या आकड्याच्या मापाखाली ओळ ओढली आणि नवा रकाना काढला: बांगडीचं माप, डावा दोन-आठ, उजवा दोन-सहा.